मूठभर स्फटिकाची साठ वर्षे

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोमध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन या तीन देशांनी अणुचाचण्यांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर सह्या केल्या. वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुस्फोट करायचे नाहीत, एवढे त्यात ठरले. सह्या झाल्या, तरी विश्वास कोणाचाच कोणावर नव्हता. एखाद्याने चंद्राच्या पाठीमागे नेऊन बॉम्ब फोडला तर इतरांना कळणार कसे, ही शंका अमेरिकेत गंभीरपणे घेतली गेली. म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उपग्रहांची एक जोडी पृथ्वीपासून लाखभर किलोमीटर उंचीवर पहाऱ्याला बसवण्यात आली. या मालिकेचे नाव 'वेला'. पहारा देणे या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदावरून ते घेतलेले आहे.

अवकाशात कोणी बॉम्ब फोडल्याचे या पहारेकऱ्यांना आढळले नाही. आढळले ते गॅमा-किरणांचे स्फोट. काही सेकंद टिकणारे, आकाशात कुठेही होणारे, एकदा होऊन गेले की त्या जागी पुन्हा न होणारे. यांतले काही महाकाय ताऱ्यांच्या मृत्यूतून निघतात, काही दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून, हे आज आपल्याला ठाऊक आहे. या शोधाची कथा सांगितली जाते ती बहुधा मोठमोठ्या अवकाश-दुर्बिणींच्या अंगाने. मी विज्ञानाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. इतिहासाच्या वाटेने या विषयाकडे आलो. त्यामुळे असेल, पण माझे लक्ष राहिले ते उपकरणांच्या मापांकडे. आणि ही मापे शेजारी शेजारी मांडल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसते. स्फोट टिपणारा मुख्य अवयव आरंभी मूठभरच होता. मधल्या काळात तो अवाढव्य झाला, आणि आता पुन्हा मूठभर होऊन दहा सेंटिमीटरच्या डबीत बसला आहे. या येण्याजाण्यात काय मिळाले आणि काय सोडावे लागले, त्याचा हा आढावा.

लुकलुकणारा क्षार

गॅमा किरण म्हणजे एका अर्थी प्रकाशच, पण डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या हजारो-लाखो पट ऊर्जेचा. साध्या आरशाने तो परतत नाही, भिंगाने एकवटत नाही. पृथ्वीचे वातावरण त्याला जमिनीपर्यंत येऊ देत नाही, हे आपले भाग्य. पण त्यामुळेच त्याला गाठायचे तर वर जावे लागते.

गाठण्याची युक्ती मात्र साधी आहे. सीझियम आयोडाइड हा मिठाच्या घराण्यातला एक क्षार. त्यात थॅलियमचा किंवा सोडियमचा अंश मिसळून स्फटिक वाढवला, की गॅमा किरण आत शिरताच तो क्षणभर लुकलुकतो. किरण जितका जोरकस, तितकी लुकलुक उजळ. शेजारी प्रकाश मोजणारे साधन ठेवायचे आणि मोजत बसायचे. दर सेकंदाला ठरावीक लुकलुक होतच असते. तो दर एकाएकी चढला, की काहीतरी घडले असे समजायचे.

वेलाच्या पाचव्या आणि सहाव्या जोडीतल्या प्रत्येक उपग्रहावर असे सहा स्फटिक होते, प्रत्येकी १० घन सेंटिमीटरचे. सगळे मिळून ६० घन सेंटिमीटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाएवढा ऐवज.

लॉस अलामॉस प्रयोगशाळेतले रे क्लेबसॅडेल आणि रॉय ओल्सन यांनी १९६९ मध्ये आधीच्या चौथ्या जोडीच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा २ जुलै १९६७ ची एक नोंद वेगळी निघाली. बॉम्बचा गॅमा झोत निमिषात चढतो आणि उतरतो. इथे एक टोक आले, ओसरले, आणि मग दुसरे पसरट टोक आले. हा बॉम्ब नव्हता. पण मग काय होते, हे सांगायला दिशा कळायला हवी होती, आणि त्या जोडीची घड्याळे तितकी बारीक नव्हती. त्यांनी घाई केली नाही. पुढच्या उपग्रहांकडून जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळात १६ स्फोट जमा झाले, आणि क्लेबसॅडेल, इयन स्ट्राँग व ओल्सन यांचा निबंध जून १९७३ मध्ये 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स'मध्ये छापून आला. हे स्फोट पृथ्वीवरून किंवा सूर्यावरून येत नाहीत, एवढे त्यात खात्रीने सांगितले होते.

दिशा कशी काढली, हे समजायला दिवाळीची रात्र पुरे. गल्लीच्या दोन टोकांना दोन माणसे उभी आहेत आणि अंधारात कुठेतरी सुतळी बॉम्ब वाजला. ज्याला आवाज आधी ऐकू आला, त्याच्या बाजूला तो वाजला. दोघांच्या ऐकण्यात किती अंतर पडले हे नेमके मोजता आले, तर दिशा आणखी नेमकी सांगता येते. तिसरा, चौथा माणूस मिळाला तर जवळजवळ जागाच सांगता येते. इथे आवाजाऐवजी प्रकाशाचा वेग, आणि गल्लीऐवजी कक्षा. वेलाचे दोन उपग्रह एकमेकांपासून दोन लाखांहून अधिक किलोमीटर दूर असू शकत. एवढे अंतर कापायला प्रकाशाला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पाचव्या जोडीचे घड्याळ सेकंदाचा चौसष्टावा भाग मोजत होते. तेवढ्यावर काम भागले.

म्हणजे जन्मापासूनच या शास्त्राला एकाच मोठ्या डोळ्यापेक्षा लांब लांब उभ्या असलेल्या अनेक लहान कानांची गरज होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सूर्याकडे आणि शुक्राकडे जाणाऱ्या यानांवर असे शोधक बसवले गेले, तेही याच हिशेबाने. अवकाशात जितके दूर, तितके ऐकण्यातले अंतर मोठे.

मोठ्यांचे दिवस

तरीही पुढच्या काळावर राज्य केले ते मोठ्या उपकरणांनी, आणि त्याला सबळ कारण होते. लहान स्फटिकात फक्त प्रखर स्फोटच नोंदले जातात. मंद स्फोटातून येणारे किरण इतके विरळ, की मूठभर स्फटिकाच्या वाट्याला पुरेसे येतच नाहीत. आणि खरा प्रश्न मंद स्फोटांनीच सोडवायचा होता: हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की तिच्या फार पलीकडचे?

५ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेने कॉम्प्टन गॅमा-किरण वेधशाळा सोडली. वजन सुमारे १७ टन. तिच्या आठ कोपऱ्यांवर 'बॅट्सी' या उपकरणाचे आठ शोधक होते. त्यांतल्या प्रत्येकात अर्ध्या मीटर व्यासाची सोडियम आयोडाइडची तबकडी होती, घनफळाने वेलाच्या सहाही स्फटिकांच्या चाळीस पटींहून मोठी. जेराल्ड फिशमन यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशभर सारखे विखुरलेले होते; आकाशगंगेच्या पट्ट्याकडे त्यांचा कल नव्हता. मंद स्फोट मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघाले, जणू त्यांच्या वस्तीची शीव आली होती.

एवढ्यावरही मतभेद मिटले नाहीत. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जाहीर वादसभा झाली. बोहदान पाचिन्स्की म्हणत होते, हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे आहेत. डोनाल्ड लँब म्हणत होते, ते आकाशगंगेच्याच बाहेरच्या वेढ्यातले आहेत. निकाल लागला तो १९९७ मध्ये. २८ फेब्रुवारीला 'बेप्पोसॅक्स' या इटालियन-डच उपग्रहाने एका स्फोटाची जागा वेळेत कळवली आणि जमिनीवरच्या दुर्बिणींना तिथे मावळता प्रकाश दिसला. मे महिन्यातल्या दुसऱ्या स्फोटाचे अंतरही मोजता आले. पाचिन्स्की बरोबर होते.

मोठ्यांचे ऋण इतके स्पष्ट आहे. लहान उपकरणांचे कौतुक करताना ते विसरू नये.

श्रीहरिकोटा, १९८७ ते १९९४

याच काळात भारताचेही एक लहान उपकरण या शोधात होते. आपल्याकडे त्याची आठवण फारशी निघत नाही, निघालीच तर अग्निबाणांच्या अपयशाच्या यादीत निघते.

इस्रोच्या 'एएसएलव्ही' या अग्निबाणाची क्षमता दीडशे किलोच्या आसपास. त्याच्यासाठी 'स्रॉस' या लहान उपग्रहांची मालिका आखली होती. २४ मार्च १९८७ रोजी पहिले उड्डाण झाले. बाजूचे पेटते खांब संपल्यावर पहिला टप्पा पेटलाच नाही. १३ जुलै १९८८ रोजी दुसरे उड्डाण, तेही फसले. त्या दुसऱ्या उपग्रहावर पश्चिम जर्मनीचा कॅमेरा होता आणि सोबत भारतीय गॅमा-स्फोट शोधक. दोन्ही उपग्रहांना बंगालच्या उपसागराने पोटात घेतले. २० मे १९९२ रोजी तिसरा उपग्रह कक्षेत पोचला, पण ठरल्यापेक्षा खाली. हवेच्या घर्षणाने जुलैमध्ये तो जळून गेला. अखेर ४ मे १९९४ रोजी स्रॉस-सी२ नीट कक्षेत बसला आणि जुलै २००१ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, आकाशात राहिला.

सुमारे ११५ किलोच्या या उपग्रहावरचा गॅमा-स्फोट शोधक बंगळुरूच्या इस्रो उपग्रह केंद्रात घडवलेला होता. त्याचा मुख्य स्फटिक सीझियम आयोडाइडचाच, साडेसात सेंटिमीटर व्यासाचा आणि सव्वा सेंटिमीटर जाडीचा. घनफळ काढले तर पंचावन्न घन सेंटिमीटरच्या आसपास येते. वेलाच्या साठाशी ते ताडून पाहावे. कॉम्प्टन वेधशाळा वर फिरत असताना हा कटिंगएवढा स्फटिक तिच्याशी बरोबरी करू शकत नव्हता. पण गल्लीत आणखी एक कान म्हणून त्याची जागा होती.

या चार उपग्रहांत सात वर्षे गेली. लहान उपकरणाचा खरा शत्रू त्यात दिसतो. स्फटिक लहान असला तरी त्याला वर नेणारा अग्निबाण लहान नव्हता, स्वस्तही नव्हता. एक उड्डाण फसले की पुढच्या संधीची वाट वर्षानुवर्षे पाहायची. अमेरिकेतही हेच घडले. नोव्हेंबर १९९६ मध्ये 'हेटे' हा गॅमा-स्फोटांसाठीचा लहान उपग्रह कक्षेत पोचला, पण अग्निबाणाच्या टोकातून सुटलाच नाही. पंख मिटलेलेच राहिले आणि बॅटरी संपली. त्याचा दुसरा अवतार ऑक्टोबर २००० मध्ये उडाला. २९ मार्च २००३ च्या ज्या स्फोटाने लांब चालणारे गॅमा-स्फोट आणि अतिनवतारा यांचे नाते पक्के केले, तो याच लहान उपग्रहाने टिपला होता. पण चार वर्षे गेली ती गेलीच.

डबी

१९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकमधले जॉर्डी पुइग-सुआरी यांनी विद्यार्थ्यांना शिकता शिकता बांधता येईल अशा उपग्रहाचे माप ठरवले: बाजू दहा सेंटिमीटर, वजन किलोभर. ट्विग्ज यांना हे माप सुचले ते दुकानात दिसलेल्या, खेळण्यातली बाहुली ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डबीवरून. 'क्यूबसॅट' हे त्याचे नाव. माप ठरल्यामुळे उडवण्याची पेटीही ठरावीक झाली, आणि मोठ्या उपग्रहाच्या अग्निबाणात उरलेल्या जागेत अशा डब्या बसवता येऊ लागल्या. एसटीच्या टपावर टोपली टाकावी, तसे.

स्फटिकाच्या भोवतालचा पसाराही याच सुमारास आटला. पूर्वी लुकलुक मोजायला काचेची नळी लागे. तिला हजारभर व्होल्टचा दाब, तो पुरवणारी यंत्रणा, त्या सगळ्याचे वजन. तिची जागा नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीने घेतली, जिला काही दशक व्होल्ट पुरतात. मोबाइल फोनमुळे स्वस्त आणि लहान झालेले संगणन हाताशी आले. आणि जीपीएसमुळे प्रत्येक डबीला अतिशय अचूक घड्याळ मिळाले. हे शेवटचे कलम सगळ्यात महत्त्वाचे. पृथ्वीलगतच्या कक्षेतले दोन उपग्रह एकमेकांपासून फार तर चौदा हजार किलोमीटर दूर असतात. तेवढे अंतर कापायला प्रकाशाला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. वेलाचे घड्याळ इथे निरुपयोगी ठरले असते.

२०१८ मध्ये चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या 'ग्रिड' प्रकल्पाचा पहिला शोधक आकाशात गेला. २२ मार्च २०२१ रोजी बैकानूरहून दक्षिण कोरियाच्या एका मोठ्या उपग्रहासोबत 'जीआरबीअल्फा' ही एकच डबी उडाली. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक प्रजासत्ताक आणि जपान इथल्या संशोधकांनी मिळून ती बांधली होती. नॉर्बर्ट वेर्नर, अँड्राश पाल आणि मासानोरी ओनो ही त्यातली प्रमुख नावे. तिचा सीझियम आयोडाइडचा स्फटिक ७५ मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ मिलिमीटर जाड. एका जाडसर बिस्किटाएवढा. घनफळ २८ घन सेंटिमीटर, म्हणजे वेलाच्या निम्म्याहून कमी. तिचा संदेश ऐकायला जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांचे ॲन्टेना मदतीला आले.

अवकाशातले प्रोटॉन सिलिकॉनच्या चकत्यांना हळूहळू खराब करतात, हे माहीत होते. म्हणून त्यांना शिशाची अडीच मिलिमीटरची ढाल दिली होती. तरी काळानुरूप गोंगाट वाढला आणि कमी ऊर्जेचे किरण ओळखणे कठीण होत गेले. पण डबी चालत राहिली. गॅमा-स्फोट, सौरज्वाला असे सगळे मिळून शंभराहून अधिक प्रसंग तिने नोंदवले.

त्यातला एक प्रसंग ९ ऑक्टोबर २०२२ चा. सुमारे १९० कोटी वर्षे प्रवास करून आलेला, आजवरचा सर्वात प्रखर गॅमा-स्फोट त्या दिवशी पृथ्वीवरून गेला. वातावरणाच्या वरच्या थरात खळबळ झाली. भारतात विजांची नोंद करणारी उपकरणेही चाळवली. मोठे शोधक या झोतात दिपून गेले. किरण इतक्या दाटीने आले, की ऐन भरात त्यांची मोजदाद कोलमडली. जीआरबीअल्फाच्या बिस्किटावर कमी किरण पडले, म्हणून तिची मोजदाद टिकली, आणि स्फोटाच्या शिखराचे माप तिच्या नोंदीवरून काढता आले. मंद स्फोटांच्या वेळी जो तिचा उणेपणा, तोच त्या दिवशी उपयोगी पडला.

अपयशेही आली. नासाचा 'बर्स्टक्यूब' एप्रिल २०२४ मध्ये अंतराळ स्थानकातून सोडला गेला. त्याचा एक सौरपंख पूर्ण उघडला नाही. ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याच्या आड तो आला आणि उपग्रह हवा तसा वळवता येईना. त्याही स्थितीत त्याने २९ जूनचा स्फोट टिपला, पण सप्टेंबरात तो वातावरणात जळाला. वर्ष-दीड वर्षाची अपेक्षा पाच महिन्यांत संपली.

फरक पडला आहे तो अपयशानंतरच्या वाट पाहण्यात. जीआरबीअल्फानंतर दहा महिन्यांत, जानेवारी २०२२ मध्ये, तशाच धाटणीचे दोन शोधक 'व्हीझेडएलयूसॅट-२' या चेक उपग्रहावर वर पोचले. मार्च २०२५ मध्ये इटलीने 'हर्मीस' मालिकेच्या सहा डब्या एकाच अग्निबाणातून सोडल्या. स्रॉसच्या सात वर्षांशेजारी हे दहा महिने ठेवून पाहावेत.

मुंबई-पुण्याची बाजू

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या 'ॲस्ट्रोसॅट'वर 'सीझेडटीआय' हे उपकरण आहे. त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता, आणि त्याचे कामकाज पुण्याच्या 'आयुका'तून चालवले गेले. ६ ऑक्टोबरला, कामाच्या पहिल्याच दिवशी, त्याला गॅमा-स्फोट सापडला. मूळ काम खरे तर समोरच्या ताऱ्यांच्या क्ष-किरण प्रतिमा घेण्याचे. पण शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर त्याच्या भिंती किरणांना पारदर्शक होतात आणि ते चहूबाजूंनी पाहू लागते. नोव्हेंबर २०२३ पर्यंत त्याच्या नावावर ६०० गॅमा-स्फोट जमा झाले होते. याच अनुभवातून पवईच्या आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने 'दक्ष' हा प्रस्ताव तयार झाला. त्यात उपग्रह दोन; पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना. कारण खालच्या कक्षेतून पाहणाऱ्या एकट्या उपग्रहासमोरचे जवळजवळ तिसरा हिस्सा आकाश खुद्द पृथ्वीच झाकते.

डबीच्या मापाचे उपग्रहही इथल्या विद्यार्थ्यांना परके नाहीत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीवरून गेला. वजन एक किलोच्या आत, माप जीआरबीअल्फाचेच. त्याचे काम वेगळे होते, हौशी रेडिओच्या लहरींवर संदेश पोचवण्याचे. पण बांधणारे हात विद्यार्थ्यांचे होते, आणि डबीत स्फटिक बसवायला त्याहून निराळे हात लागत नाहीत.

दोन वर्षांच्या बोलीवर २००४ मध्ये गेलेली 'स्विफ्ट' वीस वर्षांवर राबली. २००८ मधली 'फर्मी'ही वयात आली आहे. त्यांच्या तोडीच्या नव्या दुर्बिणी महाग आहेत आणि दरम्यान आकाश थांबणार नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी आल्या, आणि १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा झोत दिसला. तेव्हा फर्मी पृथ्वीच्या आड असती, तर ही साक्ष निसटली असती. असे प्रसंग कोणाच्या सोयीने येत नाहीत. म्हणून मोठ्या दुर्बिणींच्या मधल्या फटी बुजवायला या डब्या हव्यात, आणि त्या अनेक देशांच्या, अनेक विद्यापीठांच्या हव्यात.

मात्र या लहानांचे आयुष्य लहान असते. काही वर्षांत कक्षा ढासळते, बांधणारे विद्यार्थी पदवी घेऊन पांगतात, संगणकावरच्या नोंदी कोणाच्या तरी जुन्या खात्यात राहतात. मोठ्या वेधशाळांना अभिलेखागार असते. डब्यांनाही ते हवे, आणि ते उड्डाणाच्या खर्चातच धरलेले हवे. स्रॉसच्या सात वर्षांच्या नोंदींकडेही त्याच नजरेने पुन्हा पाहिले जावे, असे मला वाटते. २ जुलै १९६७ चा स्फोट कोणाच्या लक्षात आला, तो १९६९ मध्ये. दोन वर्षे ती नोंद कागदांच्या ढिगात होती. तिच्यात बॉम्ब नव्हता, म्हणजे ज्या कामासाठी ती घेतली त्या दृष्टीने ती निरुपयोगीच होती. तरी ती कोणी टाकून दिली नव्हती.